अंकलचा रेबेक आणि ८ डिसेंबरचं फेस्त

पत्राचा सारांश: पत्रलेखिका मूळच्या वसईच्या. वय ४३. लग्न होऊन गोव्यातल्या साष्टीतल्या एका गावात आल्या, त्याला १४ वर्षं झाली. लहानपणी शिकलेला कीबोर्ड संसारात सुटला होता. तीन वर्षांपूर्वी गावच्या चर्चच्या बँडमध्ये बोलावणं आलं आणि तो पुन्हा हाती आला. बँडमध्ये ११ जण आहेत. सर्वांत धाकटा त्यांचा स्वतःचा ११ वर्षांचा मुलगा, सर्वांत थोरले ७९ वर्षांचे व्हायोलिनवादक. त्यांना सगळे 'अंकल' म्हणतात. ८ डिसेंबरला गावचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण आहे, त्याआधी नऊ दिवसांची नोव्हेना. अंकलचा हात थरथरतो, ऐकू कमी येतं, ते सुरात नसतात आणि लय ओढतात, अशी तरुणांची तक्रार आहे. गिटार आणि ड्रम वाजवणारे दोघे मुलगे वेगळा बँड काढायच्या गोष्टी करत आहेत. अंकलनी आता थांबावं, हे त्यांना 'गोड शब्दांत' सांगण्याचं काम बँडप्रमुखांनी पत्रलेखिकेवर सोपवलं आहे. त्या विचारतात : हे कसं सांगू? आणि शेवटच्या ओळीत आणखी एक प्रश्न : शुक्रवारच्या सरावाची मी आठवडाभर वाट पाहते. सासूबाई म्हणतात, मिस्सा ही प्रार्थना आहे, करमणूक नव्हे. माझा आनंद चुकीचा आहे का?

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. अंकलबद्दलची तक्रार त्यात अर्ध्या पानात संपते. जुलैतल्या एका शुक्रवारी सराव चालू असताना वीज गेली, त्या संध्याकाळीला मात्र तुम्ही दीड पान दिलं आहे. तुमचा कीबोर्ड आणि गिटारचा अ‍ॅम्प मुका झाला, सगळे थांबले. अंकल थांबले नाहीत. अंधारात समोरचा कागद दिसत नव्हता आणि त्यांना तो लागतही नव्हता. मग ट्रंपेटवाल्या काकांनी खालचा सूर धरला, तुमच्या मुलाने चाचपडत खंजिरी उचलली, आणि वाजवायला काही नाही म्हणून तुम्ही गायलात. 'इथे आल्यापासून पहिल्यांदाच मी इथली झाले असं वाटलं,' असं तुम्ही लिहिलं आहे.

मी त्या दीड पानाला धरूनच उत्तर देणार आहे. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो.

तुमचा आनंद चुकीचा नाही. मी फोंड्याकडचा, देवळातल्या भजनात वाढलेला माणूस. चर्चच्या उपासनेबद्दल अधिकाराने बोलणं मला शोभणार नाही. पण सासूबाईंना स्तोत्रसंहितेतलं १५०वं स्तोत्र माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. देवाची स्तुती कशाने करावी याची तिथे यादीच आहे : शिंग, तंतुवाद्यं, डफ, नृत्य, बासरी आणि मोठ्याने वाजणाऱ्या झांजा. इतकी वाद्यं एकत्र वाजायची तर माणसं आनंदात असल्याशिवाय वाजणार नाहीत. आमच्याकडे सप्ताहात पहाटे तीनला भैरवीच्या आधी डोळे तांबारलेले असताना जो टाळ वाजतो, तो कुणी कर्तव्य म्हणून वाजवत नाही. सासूबाईंना एकदा सरावाला घेऊन जा. वाद नको. नुसतं मागे बसू दे त्यांना.

आता अंकल. 'कसं सांगू' असं तुम्ही विचारता, म्हणजे 'सांगायला हवं' हे ठरूनच गेलं आहे. मला तिथेच थोडं थांबायचं आहे. अंकल सुरात नाहीत, हे कुणी आणि कसं ठरवलं?

तुम्हीच लिहिलं आहे की मुलं मोबाइलवर कॉर्ड बघून वाजवतात आणि गाणाऱ्या मुलीच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलतात. गिटारला कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा लावला, कीबोर्डवर ट्रान्स्पोजचं बटण दाबलं की तुमचं काम झालं, बोटं तिथल्या तिथेच राहतात. व्हायोलिनला असं बटण नसतं. अंकलसमोर जी मेजरमधली जुनी स्वरलिपी आणि तुम्ही सगळे अर्धा सूर वर, ए फ्लॅटमध्ये. जी मेजरमध्ये व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारा कामाला येतात. ए फ्लॅटमध्ये फक्त एक, जी. बाकी प्रत्येक सूर बोटाने दाबून शोधायचा, आणि तोही समोरच्या कागदावर लिहिलेला नाही, मनात उचलून अर्धा सूर वर न्यायचा. चांगल्या तयारीच्या तरुण वादकालाही हे जड जातं.

त्यात अंकलची शिकवण वेगळी. त्यांच्या पिढीतले बरेच जण चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळेत मेस्त्रच्या, म्हणजे संगीतशिक्षकाच्या हाताखाली सोल्फा, म्हणजे डो-रे-मीची स्वरलिपी शिकले. आपला 'सा' पाहिजे तिथे सरकतो, पोर्तुगीज पद्धतीतला 'डो' सरकत नाही, तो सी म्हणजे सीच. लिहिलेलं एक आणि वाजणारं दुसरं, ही त्यांच्या कानाला सहज चालणारी गोष्ट नव्हे. याच शाळांनी घडवलेल्या वादकांच्या खांद्यावर मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद उभे राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चर्चमध्ये कॉयर सांभाळणाऱ्या वडिलांच्या घरात वाढले आणि पुढे प्यारेलालजींना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. तुमच्या अंकलचं नाव कुठल्या पडद्यावर आलं नसेल, पण शिक्षण त्याच मुळाचं आहे. मुलांना हे कुणी सांगितलंय का?

आणखी एक बघा. अंकल आपला रेबेक, म्हणजे व्हायोलिन, कशावरून लावतात? जुन्या चर्चमध्ये पायाने भाता मारायचा हार्मोनियम असतो, आणि तो आजच्या, सेकंदाला ४४० कंपनांच्या 'ए'शी जुळेलच असं नाही. आयुष्यभर त्याच्यावर तारा लावलेला कान त्याच सुराला खरा मानतो. येत्या शुक्रवारी सगळे यायच्या आधी पंधरा मिनिटं लवकर जा, कीबोर्डचा 'ए' दाबून धरा आणि अंकलना त्यावर शांतपणे तार लावू द्या. गिटार छेडणारं, ड्रमवर काठी आपटणारं कुणी आसपास नको. निम्मी तक्रार तिथेच विरघळेल, असं मला वाटतं. उरेल तेवढीच खरी.

पट्टीचं उत्तरही फार अवघड नाही. 'एफ'मध्ये व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारा चालतात. ट्रंपेट बी फ्लॅटचा असेल तर त्या काकांना 'जी' वाजवावा लागतो, तो सोपा. गिटारवाल्याने तिसऱ्या घरावर कॅपो लावून 'डी'ची बोटं धरायची. लोकांच्या गळ्यालाही ही पट्टी बहुतेक वेळा बरी बसते. सगळीच गायनं एफमध्ये बसणार नाहीत. पण पट्टी गाणाऱ्या एकीसाठी निवडायची की अकरा जणांसाठी, हा प्रश्न तुमच्या बँडने आजवर स्वतःला विचारलेलाच दिसत नाही.

लय ओढतात, याबद्दल तर मला अंकलच्या बाजूने उभंच राहायचं आहे.

तुम्ही मागच्या माडीवर, मुख्य दाराच्या वर वाजवता. जुनं चर्च म्हणजे उंच छत, जाड चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. माडीपासून अल्तारापर्यंत ३० मीटर धरले तर तुमचा सूर पुढच्या बाकांपर्यंत पोचायला सेकंदाचा अकरावा-बारावा भाग लागतो, आणि तिथल्या माणसांचा सूर तुमच्याकडे परत यायला तेवढाच. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर जवळजवळ एक तृतीयांश मात्रेचा फरक इथेच पडला. ८० च्या लयीत तोच फरक पाव मात्रेच्या आत राहतो. वर छताखाली घुमणारा आवाज वेगळाच. माडीवर एकदा टाळी वाजवा आणि ती पूर्ण विरेपर्यंत मोजा. रिकाम्या चर्चमध्ये मोजा आणि रविवारी भरलेल्या चर्चमध्येही, कारण माणसांचे कपडे आणि अंगं आवाज पितात. मग अंकलची लय त्या घुमण्याशी ताडून बघा. साठ वर्षं त्या माडीवर वाजवलेल्या माणसाचा हात त्या इमारतीला ओळखतो. मुलांनी फोनवर ऐकलेलं गायन बंदिस्त, गाद्या लावलेल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेलं असतं. त्या लयीत ते वर सुरेख वाजेल आणि खाली बाकांवर नुसता कल्ला पोचेल.

मग बँड वाजतो कुणासाठी? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेबद्दल जो दस्तऐवज काढला, त्यात लोकांच्या सक्रिय सहभागावर केवढा भर आहे. म्हणजे खालच्या बाकावरची म्हातारी बाई गाऊ शकते का, हीच परीक्षा. पुढच्या रविवारी तुमच्या मुलाला कीबोर्डशेजारी न बसवता खाली, मधल्या बाकावर बसवा. कोणत्या गायनाला लोकांचं तोंड उघडतं आणि कोणत्या गायनाला सगळे मान वळवून माडीकडे बघतात, एवढंच त्याने कागदावर मांडायचं. अकरा वर्षांचा मुलगा हे काम मोठ्यांपेक्षा प्रामाणिकपणे करतो.

वय वाढलं आहे, ते नाकारायचं नाही. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि ड्रमची झांज शेजारी असली की व्हायोलिनवाल्याला स्वतःचा सूरच ऐकू येत नाही. अंकलना ड्रमपासून लांब आणि ट्रंपेटपासूनही थोडं बाजूला, तुमच्या कीबोर्डच्या स्पीकरजवळ बसवा. ते कानाचं यंत्र वापरत असतील तर ती यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेली असतात, संगीत त्यात विचित्र ऐकू येऊ शकतं. संगीतासाठी वेगळी जुळणी करून देता येते का, हे कानाच्या तज्ज्ञांना विचारायला त्यांच्या घरच्यांना सांगा. हाताच्या थरथरीचंही तसंच. 'वय झालं' म्हणून सोडून देण्यापेक्षा एकदा डॉक्टरांना दाखवलेलं बरं, काही प्रकारच्या थरथरीवर उपाय असतो.

इतकं सगळं करूनही अंकलना जमलं नाही तर? इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, नुकतीच होऊन गेली, म्हणून ती जास्तच वर आली आहे.

आमच्या घरी आरतीला माझे थोरले काका घुमट वाजवायचे. तुम्ही मांडोच्या साथीला घुमट पाहिला असेल. मातीचं भांडं, एका तोंडावर कातडं, उजव्या हाताने थाप आणि डाव्या पंजाने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं. काकांच्या त्या डाव्या हातात जादू होती. सत्तरीनंतर बोटं आखडली. मी तेव्हा पंचविशीतला, आम्हा मुलांचं घुमट आरतीच्या स्पर्धेत उतरायचं ठरलं होतं. काकांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही कुणी काही बोललो नाही. चवथीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या जागेवर मी बसलो आणि एका चुलत भावाने हसत त्यांच्या हातात कांसाळं, म्हणजे काशाची झांज दिलं. त्यांनी ते वाजवलं. आम्हालाही वाटलं, किती छान सोय झाली. पुढच्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून ते आरतीला आले नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. ते गेल्यावर काकीने सांगितलं : दुपारी सगळे झोपले की ते कोठीच्या खोलीत तांदळाच्या डब्यावर वाजवत बसायचे. डावा हात नुसता हवेत झाकायचा, उघडायचा. त्यांना येणारे दोन-तीन ठेके आज आमच्या घरात कुणालाही येत नाहीत. ते मी मागून घेतले असते तर त्यांनी दिले असते. मी मागितले नाहीत, कारण मागायचं तर त्यांच्यासमोर बसून त्यांच्या आखडलेल्या बोटांकडे बघावं लागलं असतं.

म्हणून ताई, अंकलच्या हातात त्यांना न विचारता कांसाळं देऊ नका. 'तुम्ही आता नुसते मार्गदर्शन करा' हेही कांसाळंच आहे.

त्यांना विचारा. चर्चमध्ये नको, चारचौघांत नको, त्यांच्या घरी, संध्याकाळी. मुलाला बरोबर घेऊन जा, पण अंगणात खेळू द्या. 'अंकल, डिसेंबरला काय काय वाजवायचं ठरवतोय. तुम्हाला हल्ली कुठे अवघड जातं? कुठली गायनं तुम्हाला हवीत, कुठली नकोत?' एवढंच. मग गप्प राहा. तुम्ही उत्तर पुरवू नका. माझा अंदाज आहे की त्यांना आपली अवस्था तुम्हा दहा जणांपेक्षा जास्त ठाऊक आहे. कदाचित ते स्वतःच म्हणतील, शेवटचं जलद गायन मुलांना वाजवू दे, मी तेव्हा बसतो. कदाचित म्हणतील, कम्युनियननंतरच्या शांततेत एकच संथ गायन, फक्त रेबेक आणि तुझा कीबोर्ड. कदाचित असंही म्हणतील की हे माझं शेवटचं फेस्त. तसं म्हणाले तर लगेच 'नाही नाही अंकल' करू नका. त्यांना ते बोलू द्या. थांबायचं कधी हे त्यांनी ठरवणं आणि इतरांनी ठरवून त्यांना कळवणं, यातला फरक मी त्या तांदळाच्या डब्यावरून शिकलो आहे.

बँडप्रमुखांनी हे काम तुमच्यावरच का टाकलं, याचाही विचार करा. त्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यांचं आणि अंकलचं चाळीस वर्षांचं नातं असेल, त्यांची जीभ रेटत नसेल. पण उद्या यातून काही बिघडलं तर गावात बोललं जाईल ते असं : भायलीने आमच्या अंकलना काढलं. तुम्ही वसईची मराठी गायनं विसरून इथली कोंकणी गायनं तोंडपाठ केलीत, मुंबईकडच्या साष्टीजवळून गोव्यातल्या साष्टीत आलात, आणि आता कुठे तुम्हाला इथलं वाटू लागलं आहे. हे ओझं एकटीने उचलू नका. त्यांना स्पष्ट सांगा : मी अंकलकडे जाईन, पण निरोप घेऊन नाही, विचारायला. आणि पट्टी, लय, बसायच्या जागा यांचं तुम्ही सगळ्यांसमोर ठरवा.

आता ती दोन मुलं. त्यांच्यावर रागावू नका, मीही तरुणपणी तेच केलं. सतरा-अठराव्या वर्षी हातात वाद्य आलं की वेगाने वाजवावंसं वाटतं, आणि दर वेळी 'मोठ्यांसाठी जरा सांभाळून घ्या' ऐकायला लागलं की घुसमट होते. त्यांना सूट नको, जागा द्या. नोव्हेनेच्या नऊ संध्याकाळींपैकी एक पूर्ण त्यांची, पट्टी त्यांची, लय त्यांची. त्या दिवशी अंकल खाली बाकावर बसून ऐकतील आणि दुसऱ्या दिवशी काय वाटलं ते सांगतील. बाकी आठ दिवस अकराच्या अकरा जण. दोघांना हेही सांगा की फक्त तरुणांचा बँड गोव्यात फार दिवस टिकत नाही. कुणी शिकायला बेंगळुरूला जातो, कुणी गल्फला, कुणी तारवटी होऊन बोटीवर. मागे उरतात ते काका, तुम्ही आणि तुमचा अकरा वर्षांचा मुलगा. तो मुलगा टिकला तर सुट्टीत घरी आल्यावर वाजवायला या दोघांना जागा शिल्लक राहील.

एवढं करूनही ते गेले, तर जाऊ द्या. दार उघडं ठेवा.

हे पत्र मी सदरासाठी निवडलं, कारण असाच प्रश्न मला भजनी मंडळांतून येतो, दशावताराच्या पेटीवाल्यांकडून येतो, एकदा तर एका शिमग्याच्या मेळातून आला होता. पट्टी आणि बसायची जागा सगळीकडे बदलता येते. पेटीवाले बुवा काळी दोनमध्ये थकत असतील तर एक स्वर उतरवून बघा, माणूस बदलायच्या आधी.

शेवटचं एक, आणि हे या शुक्रवारीच करा. तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की अंकलकडे मोतेत आणि लादायनी या चर्चमधल्या गायनांच्या हाताने लिहिलेल्या वह्या आहेत, काही त्यांच्या मेस्त्रच्या हातच्या. आपल्याकडच्या पावसात शाई फुटते, कागदाला कसर लागते. त्या गिटारवाल्या आणि ड्रमवाल्या मुलांच्या फोनचे कॅमेरे तुमच्यापेक्षा चांगले असतील. त्या दोघांना अंकलच्या घरी पाठवा, प्रत्येक पानाचा उजेडात, सरळ वरून फोटो काढायला. पानं अंकलनी स्वतःच्या हाताने उलटायची आणि प्रत्येक पानाला तोंडाने सांगायचं, हे कुठल्या दिवसाचं, कोणत्या लयीत, कुणी शिकवलं. फोनवर आवाजही घ्यायला सांगा. एका संध्याकाळीत होणार नाही, दोन-तीन फेऱ्या लागतील. चहा तुम्ही पाठवा.